नाकावरची न भरणारी खपली: ‘मोझ’ शस्त्रक्रिया कुणाला लागते, कुणाला नाही

“मोहोळला ऑपरेशन? तिथं एवढं मोठं हॉस्पिटल कधी झालं?” आत्यानं विचारलं. मी फोनवर ‘मोझ ऑपरेशन’ म्हणालो होतो. सोलापूरच्या माणसाला मोझ ऐकून मोहोळच आठवणार. तिनं डबा भरायला घेतला होता, संध्याकाळपर्यंत परत याल म्हणून.

आमच्या घरात दोन वर्षांत दोघांना त्वचेचा कॅन्सर निघाला. वडिलांना, म्हणजे अण्णांना, वयाच्या ७१व्या वर्षी नाकपुडीच्या कडेला. चुलत्याच्या बायकोला, काकूला, कमरेवर. अण्णांना मोझ शस्त्रक्रिया लागली, काकूला लागली नाही, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते. हे कळेपर्यंत मात्र आम्ही पुष्कळ भटकलो. मी डॉक्टर नाही, बँकेत काम करतो. पण फाईल घेऊन फिरताना जे समजलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे तुमच्या चकरा तरी कमी होतील.

आधी हे समजून घ्या: मोझ म्हणजे काय

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोझ नावाच्या सर्जननं ही पद्धत सुरू केली, त्याचंच नाव तिला आहे. कॅन्सर वरून डाळीएवढा दिसतो, पण त्याची मुळं कातडीखाली कुठवर गेली आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या ऑपरेशनमध्ये सर्जन दिसणाऱ्या गाठीभोवती काही मिलिमीटर चांगली कातडी धरून सगळं कापतो, टाके घालतो आणि तुकडा लॅबला पाठवतो. लॅबमध्ये त्याच्या काकडीसारख्या उभ्या चकत्या करतात आणि त्यातल्या थोड्या पाहतात. एकूण कडेचा जेमतेम एक टक्का भाग सूक्ष्मदर्शकाखाली येतो. दोन चकत्यांच्या मधून एखादं मूळ गेलं असेल तर ते सुटतं.

मोझमध्ये सर्जन पातळ, द्रोणासारखा थर काढतो. त्यावर रंगानं खुणा करतो आणि जखमेचा नकाशा काढतो. मग तो द्रोण दाबून पत्रावळीसारखा सपाट करतात, म्हणजे कडा आणि तळ एका पातळीत येतात. तो गोठवून, आडवा कापून, तिथल्या तिथे तपासतात. अख्खी कड आणि अख्खा तळ पाहिला जातो. नकाशावर ज्या कोपऱ्यात कॅन्सर दिसेल, फक्त त्याच कोपऱ्यातून पुढचा थर घेतात. कड स्वच्छ आली की थांबतात. चांगली कातडी कमीत कमी जाते, आणि नाकावर किंवा पापणीवर तेच मोलाचं असतं.

१. आधी तुकडा तपासा, मग ऑपरेशनचं बोला

आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. अण्णांच्या नाकावरचा फोड काळसर होता, मधूनच खपली धरायचा, अंघोळीत टॉवेल लागला की रक्त यायचं. सगळ्यांनी चामखीळ ठरवली. आपल्याकडे बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे बीसीसी हा त्वचेचा कॅन्सर, पुष्कळदा काळपटच दिसतो, म्हणून तो तीळ किंवा चामखीळ म्हणून खपून जातो. एका दवाखान्यात तो भूल देऊन काढला, आणि काढलेला तुकडा कचऱ्यात गेला. लॅबला पाठवलाच नाही, आम्हीही विचारलं नाही. सव्वा वर्षानं त्याच जागी व्रणाखालून पुन्हा गाठ आली.

म्हणून नियम एकच: कातडीवरून काहीही कापलं तरी ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत लॅबला गेलं पाहिजे. बाटली तुमच्यासमोर भरून घ्या. चुना-सोडा लावणं, बिब्बा लावणं, पार्लरमध्ये जाळून घेणं यातलं काहीही संशयी जागेवर करू नका. वरचं जळतं, खालचं वाढत राहतं, आणि नंतर तपासायला नीट नमुनाही मिळत नाही.

बायोप्सीला घाबरायचं कारण नाही. त्वचारोगतज्ज्ञ बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ हे आम्हाला चार जणांनी सांगितलं. त्या चौघांपैकी एकानेही बायोप्सी पाहिलेली नव्हती. सिव्हिलच्या त्वचारोग विभागात हे होतं, खासगीतही होतं.

कुठली जागा संशयी धरायची? महिनाभरात न भरणारी जखम, खपली पडून पुन्हा धरणारा फोड, कडा मोत्यासारख्या चकाकणारी गाठ, आणि जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्यानं झालेली जखम. ही शेवटची विसरू नका. लहानपणी चुलीवर भाजलेल्या जागेवर पन्नाशीनंतर कॅन्सर होऊ शकतो. काकूचं प्रकरण त्याच जातीचं. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधून तिथली कातडी काळी, जाड झाली होती, मग फुटली, आणि दीड वर्ष भरलीच नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती. नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा, हे मी आता घरातल्या प्रत्येक बाईला सांगतो आणि बोलणी खातो.

२. रिपोर्टमधल्या ओळी शोधा

रिपोर्ट हातात आला की आपण ‘मॅलिग्नंट’ शब्दावर अडतो आणि पुढचं वाचत नाही. खरं पुढेच असतं.

प्रकार कोणता? बीसीसी, स्क्वॅमस सेल (एससीसी) की मेलॅनोमा, त्वचेच्या कॅन्सरच्या या तिघांतला कोणता, यावर अर्धा निर्णय होतो. बीसीसी असेल तर उपप्रकार पाहा. ‘नोड्युलर’ किंवा ‘सुपरफिशियल’ लिहिलं असेल तर तुलनेनं सरळ. ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’, ‘मॉर्फिआफॉर्म’ किंवा ‘स्क्लेरोझिंग’, ‘मायक्रोनोड्युलर’ हे शब्द दिसले तर मुळं दूरवर, वेडीवाकडी गेलेली असण्याची शक्यता जास्त. मोझचा विचार इथे गंभीरपणे करायचा. अण्णांच्या रिपोर्टवर ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ होतं. एससीसी असेल तर ‘पूअरली डिफरन्शिएटेड’, म्हणजे पेशी फार बिघडलेल्या, असं आहे का, खोली किती, आणि ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’, म्हणजे कॅन्सर नसेच्या वाटेनं सरकतोय का, ते पाहा.

मेलॅनोमा असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि थेट कॅन्सर सर्जनकडे जा. त्याला सहसा ठरलेल्या रुंदीची कड सोडून मोठं ऑपरेशन करतात. जाडी १ मिमीपर्यंत असेल तर साधारण १ सेंमी, २ मिमीच्या वर असेल तर २ सेंमी. मोझ तिथे काही निवडक जागांपुरतंच, चेहऱ्यावरच्या पसरट, वरवरच्या मेलॅनोमासाठी, तेही खास रंगद्रव्यं वापरून. आपल्याकडे मेलॅनोमा तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त सापडतो. तळपायाला नवा काळा डाग दिसला आणि तो वाढतोय असं वाटलं तर कुरूप समजून ब्लेड लावत बसू नका.

सापळा: नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका. पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचेच्या स्लाईड लॅबकडून मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात त्या पुन्हा पाहतात. नसतील तर बायोप्सी परत, आणि दोन आठवडे गेले.

३. जागा कुठली?

निर्णयात सर्वांत जड पारडं जागेचं असतं. चेहऱ्याचा मधला पट्टा डोळ्यासमोर आणा: पापण्या, भुवया, नाक, ओठ, हनुवटी, कान, कानामागची-पुढची जागा आणि कानशिलं. इथे दोन कारणांनी मोझ पुढे येतं. एक, इथले कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त. दोन, ४ मिमी जास्त कातडी गेली तर पाठीवर कुणाला कळत नाही, पण पापणी मिटत नाही. हाताचे पंजे, पावलं, जननेंद्रियं, नखं यांनाही तोच न्याय.

गाल, कपाळ, टाळू, मान ही मधली जागा. इथे आकार, प्रकार आणि पेशंट पाहून ठरतं.

छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या इथे २ सेंमीपेक्षा लहान, सरळ प्रकारचा, पहिल्यांदाच झालेला बीसीसी असेल तर साधं ऑपरेशन पुरतं. ४ मिमी कड सोडून काढा, टाके घाला, लॅबला पाठवा. तिथे कुणी मोझ सुचवत असेल तर ‘का?’ असं नक्की विचारा.

अमेरिकेतल्या त्वचारोग आणि मोझ सर्जनांच्या चार संघटनांनी २०१२ मध्ये यासाठी एक तक्ता तयार केला. जागा, प्रकार, आकार आणि पेशंटची तब्येत यांच्या २७० जोड्या करून प्रत्येकीला १ ते ९ गुण दिले. २०० ठिकाणी मोझ योग्य ठरलं, ४६ ठिकाणी अयोग्य, २४ ठिकाणी ‘सांगता येत नाही’. हा तक्ता डॉक्टरांना माहीत असतो. “त्या तक्त्यात आमचं प्रकरण कुठे बसतं?” एवढंच विचारा. आमच्या डॉक्टरांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं.

४. पहिल्यांदा की परत आलेला?

नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बीसीसीसाठी साधं ऑपरेशन आणि मोझ यांची तुलना केली आणि पेशंटवर १० वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्यांदाच झालेला कॅन्सर साध्या ऑपरेशननंतर १२.२ टक्के जणांत परत आला, मोझनंतर ४.४ टक्के. हा फरक दिसायला मोठा, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो योगायोगही असू शकतो. एकदा परत आलेल्या कॅन्सरमध्ये मात्र १३.५ विरुद्ध ३.९, आणि हा फरक कसोटीवर पक्का उतरला.

याचा आमच्यासाठी अर्थ सरळ होता. अण्णांचा कॅन्सर परत आलेला. जुन्या व्रणात मुळं कुठे दडलीत ते कळत नाही. जागा नाकाची, प्रकार इन्फिल्ट्रेटिव्ह. तिन्ही उत्तरं एकाच बाजूला पडली.

५. पेशंटकडेही पाहा

हे कागदावर नसतं. मूत्रपिंड बदललेला किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारा पेशंट असेल तर त्याचे त्वचेचे कॅन्सर जास्त आक्रमक असतात, म्हणून मोझकडे झुकायला कारण मिळतं. उलट अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजोबांना गालावर छोटा, सावकाश वाढणारा बीसीसी असेल, तर त्यांना पुण्या-मुंबईला नेऊन दिवसभर खुर्चीत बसवणं हा कधीकधी आपल्याच समाधानासाठी केलेला खटाटोप असतो. रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं हेही उपचारच आहेत. हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा त्यात आणू नका.

६. मोझ नको किंवा जमत नसेल तर

काकूचं एससीसी कमरेवर, ४ सेंमीचं, आणि जांघेत अवधान, म्हणजे सुजलेली गाठ, आलेलं. इथे प्रश्न कातडी वाचवण्याचा नव्हता. पोट-कमरेवर कातडी भरपूर. प्रश्न होता अवधानातही कॅन्सर पोचलाय का हा. मोझनं तो सुटत नाही. तिला आम्ही बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला नेलं. (देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे तिथे जाऊनच कळलं. आपण उगाच मुंबई-मुंबई करतो.) गाठीची सुईनं तपासणी, स्कॅन, मग रुंद कड सोडून ऑपरेशन.

म्हणजे जांघेत, काखेत, मानेत गाठ लागत असेल तर आधी तिचा निकाल लावा. मोझचा विषय नंतर.

मोझ करणारे प्रशिक्षित सर्जन आपल्या देशात मोजके आहेत. लागणार आहे पण मिळत नाही, अशा वेळी मधला रस्ता असतो: गाठ काढायची, जखम ड्रेसिंगखाली उघडी ठेवायची, लॅबला सगळ्या कडा तपासायला सांगायच्या, आणि रिपोर्ट स्वच्छ आल्यावरच नाक किंवा पापणी दुरुस्त करायची. तीन-चार दिवस भोक असलेलं नाक घेऊन बसावं लागतं, पण हे शहाणपणाचं आहे. कड स्वच्छ आहे हे कळण्याआधी फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी, फिरवून जखम बंद केली आणि नंतर कॅन्सर राहिल्याचं निघालं, तर तो कुठे सरकला ते शोधणं महाकठीण.

७. विचारायचे प्रश्न

‘आम्ही फ्रोझन करतो’ (तुकडा गोठवून लगेच तपासतो) म्हणजे मोझ नव्हे. साध्या फ्रोझन सेक्शनमध्येही काही जागांच्याच चकत्या पाहतात. म्हणून विचारा: अख्खी कड आणि तळ पाहणार का? स्लाईड कोण वाचणार? असे किती पेशंट केलेत? जखम मोठी झाली तर ती बंद कोण करणार, तुम्हीच की प्लास्टिक सर्जन, आणि ते त्या दिवशी हजर असतील का? पापणीजवळ असेल तर डोळ्यांचे सर्जन?

खर्च विचारताना ‘पॅकेज किती’ एवढ्यावर थांबू नका. “तिसरा-चौथा थर लागला तर वाढीव किती?” हे विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

८. कागद, पैसे, गाडी

फाईलमध्ये हे ठेवा:
- बायोप्सी रिपोर्ट, ब्लॉक, स्लाईड
- आधीच्या ऑपरेशनचे कागद, निदान तारीख आणि जागा तरी
- गाठीचे जुने फोटो
- चालू गोळ्यांची यादी, साखर आणि रक्तदाबाचे ताजे आकडे
- पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड (रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, म्हणून)
- आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मेडिक्लेमचं कार्ड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हेल्पलाईन १५५३८८. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतो. बायोप्सी रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा, कोणत्या पॅकेजमध्ये ऑपरेशन बसतं ते तो पाहतो. ऑपरेशन झाल्यावर धावाधाव केली तर हाती काही लागत नाही. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला दाखवा. मेडिक्लेम असेल तर मोझ दिवसभरात उरकतं, मुक्काम नसतो, म्हणून ‘डे केअर’मध्ये मंजुरी आधीच लेखी घ्या.

कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत उपचारासाठीच्या प्रवासाला सवलत आहे: स्लीपर आणि थ्री टियर एसीत पेशंटला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही कॅन्सर पेशंटला ७५ टक्के सवलत मिळते.

आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. आम्ही संध्याकाळच्या पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेसचं काढलं होतं. तिसऱ्या थराचा निकाल यायला साडेचार वाजले, मग गालाची कातडी फिरवून टाके. गाडी सोलापूरकडे निघाली तेव्हा अण्णा टेबलावरच होते. तसंही पहिल्या रात्री रक्त सुटण्याची भीती असते. पुण्यातच, हॉस्पिटलपासून जवळ मुक्काम ठेवा.

९. त्या दिवशी

पोटभर नाश्ता करून जा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. भूल फक्त त्या जागेची. पेशंट जागा असतो, बोलतो. प्रत्येक थर काढायला थोडा वेळ, पण तपासायला तासभर किंवा जास्त लागतो, तेवढा वेळ नाकावर पट्टी लावून बाहेर बसायचं. अण्णांनी शेजारच्या पेशंटशी लक्ष्मी-विष्णू मिलच्या दिवसांवर गप्पा मारल्या. पुढची बटणं असलेला सदरा घाला, डोक्यातून काढायचा नको.

इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. रक्तस्राव डॉक्टर थांबवू शकतात, गोळी सोडल्यानं आलेला झटका तितका सहज आवरत नाही. आम्हाला एका नातेवाइकानं आठवडाभर आधी बंद करायला सांगितलं होतं. सर्जननं चालूच ठेवायला लावली.

डब्यात कडक भाकरी नेऊ नका. नाकाशेजारी ताजे टाके असताना ती चावता येत नाही. आत्यानं दिलेली भाकरी आणि शेंगा चटणी आम्हीच संपवली, अण्णांना दहीभात.

१०. नंतर

पहिले दोन दिवस डोळ्याखाली सूज, निळेपणा येतो, पाहून घाबरू नका. रक्त आलं तर स्वच्छ कापडानं २० मिनिटं न सोडता दाबा, मध्ये उचलून पाहू नका. तरी थांबलं नाही तर फोन करा. विड्या ओढत असाल तर निदान जखम भरेपर्यंत बंद. धुरानं फ्लॅपची कड काळी पडते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि अण्णांना दुपारी शेतावर जायची खोड. आता रुंद काठाची टोपी, वरून सोलापुरी टॉवेल, आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनला ते ‘पावडर’ म्हणतात आणि चुकवतात.

एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा आणि त्या वेळी पाठ, टाळू, कानामागे, तळपाय सगळं दाखवा. मधल्या काळात महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं धरून. वाढलं की नाही यावर घरात वाद होत नाहीत.